बर्लिनची भिंत: क्रॉइत्सबर्गच्या बाजूने पाहिलेली

बर्लिन शहरात क्रॉइत्सबर्ग नावाचा एक भाग आहे. तिथे सेंट थॉमस चर्चजवळ, रस्त्याच्या कडेला, जुन्या फळ्या, पत्रे आणि भंगारातून जोडलेलं एक दुमजली खोपट दिसतं. समोर भाजीचा छोटा मळा. भोवती देखण्या इमारती आणि मध्येच हे गावाकडचं वाटावं असं घर. बर्लिनला जाणारे पर्यटक आता तिथे थांबून फोटो काढतात.

हे खोपट उभारलं ओस्मान कालिन यांनी. अनातोलियातून आलेले तुर्की कामगार. १९८०च्या दशकात काम सुटलं आणि रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी घराजवळची एक उकिरड्यासारखी पडीक जागा साफ करून तिथे कांदे-लसूण लावायला सुरुवात केली. जागा त्रिकोणी, जेमतेम साडेतीनशे चौरस मीटर. अडचण एकच होती. ती जागा बर्लिनच्या भिंतीला लागून, भिंतीच्या पश्चिमेला होती, पण कागदोपत्री पूर्व बर्लिनची होती. सरहद्द तिथे वळण घेत होती आणि भिंत बांधणाऱ्यांनी ते वळण टाळून सरळ रेषेत काँक्रीट उभं केलं होतं. त्यामुळे पूर्व जर्मनीचा एक कोपरा बाहेर राहून गेला.

पश्चिमेचे पोलीस कालिन यांना हटवू शकत नव्हते, कारण जमीन त्यांच्या हद्दीत नव्हती. पूर्वेचे पहारेकरी चौकशीला आले. भिंतीला चिकटून कुणी खणतोय म्हटल्यावर भुयाराचा संशय येणारच. पण वयस्कर माणूस भाजी पिकवतोय हे पाहून त्यांनीही त्याला राहू दिलं. जगातल्या सर्वात कडक पहाऱ्याच्या सीमेवर, दोन महासत्तांच्या मध्ये, एका तुर्की कामगाराचा लसणाचा मळा निवांत वाढत होता.

बर्लिनच्या भिंतीची गोष्ट आपण नेहमी रशिया विरुद्ध अमेरिका, साम्यवाद विरुद्ध स्वातंत्र्य अशीच ऐकतो. ती खोटी नाही. पण त्या भिंतीला खेटून ज्यांची घरं होती त्यांत फार मोठ्या संख्येने तुर्की मुसलमान कुटुंबं होती, हे त्या गोष्टीत सहसा येत नाही. त्यांच्या बाजूने पाहिलं की भिंतीचा अर्थ थोडा बदलतो.

भिंत उभी का राहिली?

दुसऱ्या महायुद्धात हरल्यानंतर १९४५ मध्ये जर्मनीचे चार भाग झाले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया या चौघांनी एकेक भाग सांभाळायला घेतला. राजधानी बर्लिन रशियाच्या भागात खूप आत होती, तरी तिचेही चार तुकडे झाले. १९४९ मध्ये दोन वेगळी राष्ट्रं बनली: भांडवलशाही पश्चिम जर्मनी आणि साम्यवादी पूर्व जर्मनी. पश्चिम बर्लिन आता चहूबाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेलं बेट झालं.

१९५२ मध्ये पूर्व जर्मनीने पश्चिमेबरोबरची लांबलचक सीमा बंद केली. पण बर्लिन शहराच्या आत मात्र ये-जा चालूच होती. सकाळी पूर्वेतून लोकल पकडायची, पश्चिमेत कामाला जायचं, संध्याकाळी परत. आणि ज्याला कायमचं जायचं असेल त्याने फक्त परतीची गाडी पकडायची नाही, इतकं सोपं. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोक पूर्व जर्मनी सोडून गेले. त्यांत तरुण, डॉक्टर, इंजिनीअर, कुशल कारागीर जास्त. देश डोळ्यांदेखत रिकामा होत होता.

१५ जून १९६१ रोजी पूर्व जर्मनीचे नेते वॉल्टर उलब्रिख्त यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की भिंत बांधण्याचा कुणाचाही इरादा नाही. गंमत म्हणजे भिंतीबद्दल त्यांना कुणी थेट विचारलंही नव्हतं. दोन महिन्यांनी, १२ ऑगस्टच्या शनिवारी रात्री, शहर झोपलेलं असताना सैनिक आणि कामगार रस्त्यावर उतरले. रविवारी सकाळी लोक उठले तेव्हा रस्त्यांवर काटेरी तारा होत्या. रेल्वे तोडलेली. काही दिवसांत तारांच्या जागी विटा आणि काँक्रीटचे ठोकळे आले.

पश्चिमेच्या नेत्यांनी निषेध केला, पण पुढे होऊन कुणी तार कापली नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी जवळच्या लोकांत बोलताना, भिंत हा काही चांगला उपाय नाही पण युद्धापेक्षा भिंत बरी, अशा अर्थाचं म्हटल्याची नोंद आहे. दोन वर्षांनी, २६ जून १९६३ रोजी, हेच केनेडी पश्चिम बर्लिनमध्ये येऊन आपणही बर्लिनकर आहोत असं जर्मन भाषेत म्हणाले आणि लाखोंच्या गर्दीने त्यांना डोक्यावर घेतलं. खासगीत जी तडजोड होती ती भाषणात अन्यायाचं प्रतीक बनली. यात ढोंग होतं असं मला म्हणायचं नाही. राजकारणात भिंतीला दोन उपयोग असतात, एक अडवण्याचा आणि दुसरा दाखवण्याचा, एवढंच.

पूर्वेनेही दाखवण्याचं काम केलंच. तिथल्या सरकारी भाषेत या भिंतीचं नाव होतं 'फॅसिस्टविरोधी संरक्षक तटबंदी'. म्हणजे बाहेरचा शत्रू आत येऊ नये म्हणून. प्रत्यक्षात सगळा पहारा आतल्या माणसांवर होता.

भिंत म्हणजे नुसती भिंत नव्हती

फोटोंत आपल्याला रंगवलेली एक काँक्रीटची भिंत दिसते. ती पश्चिमेकडची बाजू. पूर्वेकडून यायचं तर आधी एक आतली भिंत, मग इशारा देणारी तार, कुत्र्यांच्या फेऱ्या, टेहळणीचे मनोरे, रात्रभर दिव्यांनी उजळलेली वाळूची पट्टी (पावलांचे ठसे उमटावेत म्हणून), आणि शेवटी ३.६ मीटर उंचीची बाहेरची भिंत. वर गोल पाइप, हात पकडायला कड मिळू नये म्हणून. पश्चिम बर्लिनभोवतीची ही संपूर्ण सीमा सुमारे १५५ किलोमीटर होती. त्यातले ४३ किलोमीटर शहराच्या पोटातून, दोन बर्लिनच्या मधून जात होते.

बेर्नाउअर रस्त्यावर तर इमारती पूर्वेत आणि समोरचा फुटपाथ पश्चिमेत अशी स्थिती. दरवाजे बंद केल्यावर लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. २२ ऑगस्ट १९६१ रोजी इडा झीकमान ही स्त्री तिसऱ्या मजल्यावरून उडी मारताना मरण पावली. भिंतीची ती पहिली बळी. वर्षभराने, १७ ऑगस्ट १९६२ रोजी, पीटर फेश्टर हा १८ वर्षांचा गवंडी गोळी लागून भिंतीच्या पायथ्याशी पडला आणि जवळपास तासभर मदतीसाठी ओरडत राहिला. दोन्ही बाजूंना माणसं होती. कुणी पुढे आलं नाही. २८ वर्षांत या भिंतीवर किमान १४० जणांचा जीव गेला, असा तिथल्या स्मारकाने आणि इतिहास संशोधकांनी एकेक प्रकरण तपासून काढलेला आकडा आहे.

भिंतीनंतर अडीच महिन्यांनी एक करार

आता तारखा पाहा. १३ ऑगस्ट १९६१ला भिंत. २७ ऑक्टोबरला चेकपॉइंट चार्ली या नाक्यावर अमेरिकन आणि रशियन रणगाडे समोरासमोर येऊन उभे. आणि ३० ऑक्टोबर १९६१ला पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार.

फक्त भिंतीमुळे हा करार झाला असं म्हणणं चूक ठरेल. जर्मन कारखाने तेजीत होते आणि इटलीशी १९५५मध्येच, स्पेन आणि ग्रीसशी १९६०मध्ये असे करार झाले होते. पण पूर्वेतून रोज येणारा कुशल, जर्मन बोलणारा कामगारांचा ओघ एका रात्रीत आटला, आणि माणसांची टंचाई आणखी वाढली, हेही तितकंच खरं. पश्चिम बर्लिनच्या कारखान्यांना तर याचा थेट फटका बसला. हजारो लोक पूर्वेतून तिथे रोज कामाला येत होते. त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या.

त्या जागा भरायला इस्तंबूलहून गाड्या निघाल्या. जाण्याआधी जर्मन डॉक्टर दात, छाती, लघवी सगळं तपासत. ज्यांना निवडलं त्यांना जर्मन भाषेत 'गास्टआर्बायटर' म्हणत, म्हणजे पाहुणे कामगार. शब्दातच सगळं आलं. पाहुणा म्हणजे एक दिवस जाणारा. मूळ करारात तर दोनच वर्षं राहता येईल आणि कुटुंब आणता येणार नाही असं गृहीत होतं. १९६४मध्ये दोन वर्षांची अट गेली, कारण शिकवून तयार केलेला कामगार परत पाठवणं कारखानदारांनाच परवडेना.

पश्चिम बर्लिनमध्ये मोठ्या संख्येने तुर्की लोक आले ते साधारण १९६४ नंतर. त्यांत बायकाही खूप होत्या. विजेची उपकरणं आणि रेडिओ बनवणाऱ्या कारखान्यांना बारीक काम करणारी बोटं हवी होती. पुढे जर्मन भाषेतली नामवंत लेखिका झालेली एमिने सेवगी ओझदामार ही १९६५मध्ये अशीच तरुण वयात बर्लिनच्या कारखान्यात कामाला आली होती. २०२२मध्ये तिला ब्युशनर पारितोषिक मिळालं, जर्मन साहित्यातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान.

भिंतीच्या कोपऱ्यातला मोहल्ला

ही कुटुंबं राहायला कुठे गेली? जिथे भाडं कमी तिथे. क्रॉइत्सबर्ग एकेकाळी शहराच्या मध्यावर होतं. भिंत आली आणि ते एकदम शेवटच्या टोकाला गेलं. तीन बाजूंनी भिंत. रस्ते जिथे पूर्वी पुढे जात होते तिथे आता काँक्रीट. घरमालकांनी दुरुस्ती थांबवली, जर्मन कुटुंबं सोडून गेली. कोळशाच्या शेगड्या, जिन्यातले सामाईक संडास, ओल धरलेल्या भिंती. मुंबईतल्या चाळीत राहिलेल्याला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

तिथे तुर्की किराणा दुकानं निघाली, चहाची ठिकाणं निघाली, इमारतींच्या मागच्या अंगणात, जुन्या कारखान्यांच्या खोल्यांत नमाजाची सोय झाली. कालव्याच्या काठी भाजीबाजार भरू लागला. मुलं भिंतीवर चेंडू आपटून फुटबॉल खेळत. वाहतूक नाही, तेव्हा खेळायला भिंतीजवळची जागा सगळ्यात सुरक्षित, असं आयांना वाटे.

आणखी एक विचित्र गोष्ट. भिंत झाल्यावर पश्चिम बर्लिनच्या जर्मन रहिवाशांना पूर्वेत जाता येईना. पहिल्यांदा परवाने मिळाले ते १९६३च्या नाताळात, २८ महिन्यांनी. तेही काही दिवसांसाठी. पण परदेशी पासपोर्टवाल्यांना एका दिवसाचा व्हिसा मिळत असे. म्हणजे शेजारच्या घरातल्या जर्मन माणसाला दोन किलोमीटरवरच्या आपल्या आईला भेटता येत नव्हतं, आणि वरच्या मजल्यावरचा तुर्की कामगार रविवारी पूर्व बर्लिन पाहून येऊ शकत होता. ज्या भिंतीने जर्मनांना अडवलं, ती तुर्की माणसासाठी एक नाका होती.

त्याच्यासाठी वेगळी भिंत होती. १९७३मध्ये तेलाच्या संकटानंतर जर्मनीने परदेशी कामगारांची भरती बंद केली. परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या भीतीने अनेकांनी उलट बायका-मुलांना बोलावून घेतलं. क्रॉइत्सबर्ग भरू लागलं. मग १९७५पासून पश्चिम बर्लिन प्रशासनाने नियम केला की क्रॉइत्सबर्ग, वेडिंग आणि टीरगार्टन या भागांत नव्या परदेशी माणसांनी राहायला जायचं नाही. पासपोर्टवर तसा शिक्का बसे. जे शहर भिंतीविरुद्ध जगभर दाद मागत होतं, त्याच शहराने आपल्या तीन भागांभोवती कागदाची एक रेषा ओढली होती.

नदीकाठची मुलं

या सगळ्यात सर्वात जिव्हारी लागणारी जागा श्प्रे नदीच्या काठावर आहे.

क्रॉइत्सबर्गच्या ग्रोबेन काठावर सीमारेषा नदीच्या मधोमध नव्हती. नदीचं अख्खं पात्र पूर्व बर्लिनचं. पश्चिमेची हद्द किनाऱ्याच्या दगडाशी संपत होती. म्हणजे काठावर उभं असलेलं मूल पश्चिम बर्लिनमध्ये आणि पाय घसरून पाण्यात पडलं की दुसऱ्या देशात.

३० ऑक्टोबर १९७२ रोजी आठ वर्षांचा एक तुर्की मुलगा मित्राबरोबर तिथे खेळत असताना पाण्यात पडला. पश्चिम बर्लिनचं अग्निशमन दल आलं. पण पाण्यात उतरणं म्हणजे परवानगीशिवाय सीमा ओलांडणं, आणि समोर बंदूकधारी पहारेकरी. परवानगीची वाट पाहण्यात वेळ गेला. पूर्वेच्या पाणबुड्यांनी शेवटी मुलाला बाहेर काढलं तेव्हा तो गेला होता. योगायोग असा की तुर्की कामगारांच्या कराराला त्या दिवशी बरोबर ११ वर्षं होत होती.

हा एकटाच नाही. १९६६ ते १९७५ या काळात त्या काठावर पाच मुलं अशी बुडाली. दोन जर्मन, दोन तुर्की, एक इटालियन. सगळी पाच ते आठ वर्षांची. शेवटचा तुर्की मुलगा ११ मे १९७५ रोजी चेंडूमागे जाऊन पडला. त्या दिवशी त्याचा पाचवा वाढदिवस होता. त्यानंतर मोहल्ल्यातले लोक रस्त्यावर उतरले, निषेध झाला, आणि दोन्ही बाजूंची वर्षानुवर्षं रेंगाळलेली बोलणी हलली. २९ ऑक्टोबर १९७५ रोजी करार झाला की पाण्यात पडलेल्या माणसाला वाचवायला पश्चिमेचे लोक उतरू शकतील.

पाच लेकरं गेल्यावर हा साधा नियम झाला. बोलण्यांमध्ये अडथळा कशाचा होता? सीमा नक्की कुठे आहे आणि करारावर सही केल्याने ती मान्य केल्यासारखं होईल का, याचा. प्रतीक जपण्याच्या नादात माणूस कसा मागे पडतो, ते इथे कळतं. आणि इथे दोष एकट्या पूर्वेच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

या काठाला ज्या ग्रोबेनचं नाव होतं तो १७व्या शतकात आफ्रिकेत गुलामांच्या व्यापारासाठी किल्ला उभारणारा अधिकारी होता. २०१०मध्ये ते नाव बदलून माय आयिम या कृष्णवर्णीय जर्मन कवयित्रीचं नाव दिलं गेलं. आज तिथे संध्याकाळी लोक पाण्याकडे बघत बसतात.

भिंत पडली तेव्हा

९ नोव्हेंबर १९८९ची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. पूर्व जर्मनीत महिनोन्महिने मोर्चे निघत होते. हंगेरीने आपली सीमा उघडल्याने हजारो लोक तिकडून पळत होते. संध्याकाळी सातच्या सुमारास सरकारचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत नवा प्रवासाचा नियम वाचून दाखवला. तो कधीपासून लागू, असं विचारल्यावर कागद चाळत ते म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब. खरं तर दुसऱ्या दिवशी रीतसर जाहीर करायचं ठरलं होतं. टीव्हीवर बातमी गेली, लोक नाक्यांवर धावले. बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावरचा अधिकारी हाराल्ड येगर वरून आदेश मागत राहिला, आदेश येईना, गर्दी वाढत गेली. रात्री साडेअकराच्या सुमारास त्याने फाटक उघडलं. गोळी चालली नाही.

क्रॉइत्सबर्गमधले तुर्की लोकही त्या रात्री रस्त्यावर होते. त्यांनीही आनंद केला. शेवटी त्यांच्याही दारातली अडचण दूर झाली होती.

पण त्या काळातली एक घोषणा लक्षात ठेवण्यासारखी आहे. लाइपझिगच्या मोर्चांत लोक म्हणत होते, 'आम्हीच जनता आहोत'. म्हणजे सत्ता तुमची नाही, आमची. भिंत पडल्यावर थोड्याच आठवड्यांत घोषणा बदलली. 'आम्ही एक जनता आहोत'. जर्मन भाषेत फक्त एक छोटा शब्द बदलला, पण अर्थ पार पालटला. पहिली घोषणा राज्यकर्त्यांना उद्देशून होती. दुसरी रक्ताच्या नात्याबद्दल होती. पूर्वेचा जर्मन पश्चिमेच्या जर्मनाचा भाऊ. मग पंचवीस वर्षं शेजारी राहिलेला तुर्की माणूस कोण? तेव्हाच्या कायद्यात नागरिकत्व जन्माच्या जागेवर नाही, वंशावर ठरत होतं. बर्लिनमध्ये जन्मलेलं तुर्की मूल कायद्याने परदेशीच राहत होतं.

पुढची वर्षं वाईट गेली. बेटासारख्या पश्चिम बर्लिनला जगवण्यासाठी सरकार कारखान्यांना मोठं अनुदान देत होतं. भिंत गेल्यावर त्याची गरज संपली. अनुदान गेलं, कारखाने गेले, आणि त्यातल्या साध्या कामावरचे तुर्की कामगार आधी बेकार झाले. शहराच्या टोकाचं क्रॉइत्सबर्ग पुन्हा शहराच्या मध्यावर आलं, तशी जागांची किंमत वाढली. ज्या भाड्याच्या खोल्या कुणाला नको होत्या त्या आता सगळ्यांना हव्या होत्या.

आणि द्वेष वाढला. तो भिंतीबरोबर जन्मला असं नाही. जानेवारी १९८९मध्ये, भिंत उभी असतानाच, परदेशी लोकांविरुद्ध प्रचार करणाऱ्या रिपब्लिकानर पक्षाला पश्चिम बर्लिनमध्ये साडेसात टक्के मतं मिळाली होती. पण एकत्र जर्मनीत तो उघड झाला. ऑगस्ट १९९२मध्ये रोस्टॉकला निर्वासितांच्या वसतिगृहावर जमावाने हल्ला केला. नोव्हेंबर १९९२मध्ये म्योल्न इथे तुर्की कुटुंबांची घरं पेटवली, तीन जण गेले. मे १९९३मध्ये झोलिंगनला एका तुर्की कुटुंबातल्या पाच मुली आणि स्त्रिया जाळल्या गेल्या. म्योल्न आणि झोलिंगन दोन्ही गावं पश्चिम जर्मनीतली, हे ध्यानात घ्यायला हवं.

नागरिकत्वाचा कायदा बदलला तो १ जानेवारी २०००पासून, जर्मनीत जन्मलेल्या मुलांना अटींसह नागरिकत्व देऊन. पहिल्या पिढीला तुर्की पासपोर्ट न सोडता जर्मन होता येईल, असा कायदा २०२४मध्ये आला. तोपर्यंत त्या पिढीतले कितीतरी जण दफन झाले होते.

प्रतीक कुणाकुणाच्या हातात

भिंतीचे तुकडे आज जगभर आहेत. संग्रहालयांत, विद्यापीठांत, संयुक्त राष्ट्रांच्या आवारात. रेगन यांनी १२ जून १९८७ रोजी ब्रँडेनबर्ग गेटसमोर गोर्बाचेव्ह यांना ही भिंत पाडा असं आवाहन केलं होतं. तेव्हा त्या वाक्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. भिंत पडल्यावर ते अजरामर झालं. प्रतीकांचं असंच असतं, अर्थ मागाहून भरला जातो.

हंगेरीचंच उदाहरण घ्या. १९८९मध्ये काटेरी तारा कापणारा देश म्हणून त्याचं जगभर कौतुक झालं. त्याच हंगेरीने २०१५मध्ये सर्बियाच्या सीमेवर नवं कुंपण घातलं, सीरिया आणि अफगाणिस्तानातून जीव वाचवून येणाऱ्यांना अडवण्यासाठी. अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेवरची भिंत हा निवडणुकीचा नारा झाला. २०१९मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बोलताना अँगेला मर्केल यांनी भिंती पाडा असं सांगितलं तेव्हा टाळ्या थांबेनात. मर्केल पूर्व जर्मनीत वाढलेल्या, त्यामुळे त्या शब्दांना वजन होतं.

आणि जेरुसलेम. २००२पासून इस्रायलने वेस्ट बँकमध्ये जी भिंत बांधायला घेतली तिची उंची शहरी भागात आठ मीटरपर्यंत आहे, बर्लिनच्या दुपटीहून अधिक. आत्मघाती हल्ले रोखण्यासाठी ती बांधली असं इस्रायलचं म्हणणं आहे. पण तिचा बहुतांश मार्ग १९६७पूर्वीच्या रेषेवर नसून वेस्ट बँकच्या आतून जातो. ९ जुलै २००४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या मतानुसार, व्याप्त प्रदेशातलं हे बांधकाम बेकायदा आहे. अबू दीस हे गाव जेरुसलेमपासून तुटलं. शुआफतची निर्वासित छावणी आणि कफ्र अकब हे भाग तर महापालिकेच्या हद्दीत असूनही भिंतीपलीकडे पडले. तिथल्या माणसाला स्वतःच्याच शहरात येण्यासाठी नाक्यावर रांग लावावी लागते. नोव्हेंबर २००९मध्ये, बर्लिनची भिंत पडल्याला वीस वर्षं झाली तेव्हा, पॅलेस्टिनी तरुणांनी या भिंतीचा एक तुकडा ओढून पाडला. दिवस मुद्दाम निवडलेला होता. बर्लिनमध्ये त्या वेळी जगभरचे नेते सोहळ्याला जमले होते.

या तुलनेत एक फरक मात्र सांगायला हवा. बर्लिनची भिंत आपल्याच माणसांना आत कोंडण्यासाठी होती. आजच्या बहुतेक भिंती दुसऱ्यांना बाहेर ठेवण्यासाठी आहेत, किंवा जमीन आत घेण्यासाठी. म्हणूनच बर्लिनच्या भिंतीचा निषेध करणं आज कुणालाही सोपं जातं. तिच्या बाजूने बोलणारं कुणी उरलेलं नाही आणि ती पाडल्याने आज कुणाला काही सोडावं लागत नाही. नव्या भिंतींच्या बाबतीत हिशोब वेगळा आहे. तिथे पलीकडे निर्वासित आहे, मजूर आहे, ज्याची जमीन गेली तो शेतकरी आहे, आणि त्याला आत घेतलं तर आपल्याला काहीतरी वाटून घ्यावं लागणार आहे.

खुद्द जर्मनीतही गोष्ट संपलेली नाही. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी भिंत पडून तितकेच दिवस झाले जितके दिवस ती उभी होती, २८ वर्षं, २ महिने आणि २७ दिवस. तरी २०२५च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीचा नकाशा पाहिला तर जुनी सीमा रंगांत दिसते. स्थलांतरितांविरोधी एएफडी पक्ष पूर्वेच्या पाचही राज्यांत पहिला आला. पूर्वेत पगार कमी, मोठ्या पदांवर माणसं कमी, आपल्याला दुय्यम मानलं जातं ही भावना जास्त. तुर्की शेजाऱ्याला हीच भावना साठ वर्षं ओळखीची आहे. या दोघांची तक्रार इतकी सारखी असून ते एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत.

बेर्नाउअर रस्त्यावर भिंतीचं मोठं स्मारक आहे. तिथे गंजलेल्या लोखंडाची एक लांब चौकट उभी केली आहे, छोट्या छोट्या खिडक्यांची. प्रत्येक खिडकीत भिंतीवर जीव गमावलेल्या एकेका माणसाचा फोटो. लोक खाली फुलं ठेवतात. पीटर फेश्टरचा फोटो तिथे आहे, इडा झीकमानचा आहे, आणि त्यांच्याच रांगेत श्प्रे नदीच्या काठावर खेळायला गेलेल्या क्रॉइत्सबर्गच्या मुलांचेही आहेत.

ओस्मान कालिन २०१८मध्ये गेले. त्यांचा त्रिकोणी तुकडा आता अधिकृतपणे क्रॉइत्सबर्गच्या हद्दीत आहे. ज्या भिंतीला टेकून तो मळा होता ती केव्हाच नाहीशी झाली, आणि खोपट तिथेच आहे.